पुरस्कारविजेते स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट: निवडायचे कसे, शोधायचे कुठे आणि बघायचे कसे

पोस्टरवर पानांच्या दोन वाकड्या फांद्या, त्यांच्या मधोमध बारीक अक्षरांत महोत्सवाचं नाव, आणि अशा सात-आठ जोड्या ओळीने. स्वतंत्र चित्रपट निवडताना नजर आधी तिथेच जाते आणि फसगतही तिथेच होते. यातल्या बऱ्याच फांद्यांचा पुरस्काराशी काही संबंध नसतो. ‘ऑफिशियल सिलेक्शन’ म्हणजे महोत्सवाने चित्रपट दाखवायला घेतला, एवढंच. ‘नॉमिनी’, ‘फायनलिस्ट’ म्हणजे जिंकला नाही. आणि ‘विनर’ लिहिलेलं असलं तरी तीन गोष्टी विचारायच्या उरतातच: पुरस्कार कोणता, कोणत्या विभागात आणि दिला कोणी? ही उत्तरं हाताशी असली की चित्रपट आपल्याला रुचेल का याचा अंदाज परीक्षणातल्या ताऱ्यांपेक्षा बराच बरा येतो.

‘स्वतंत्र’ या शब्दाचाही फार बाऊ करू नये. मुळात तो पैशाबद्दलचा शब्द आहे: मोठ्या स्टुडिओच्या तिजोरीबाहेर उभा राहिलेला चित्रपट. पण कुंपण केव्हाच ढिलं झालं आहे. २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवाचा गोल्डन लायन आणि पुढे ऑस्कर मिळवलेला ‘नोमॅडलँड’ सर्चलाइट या स्टुडिओचा, आणि सर्चलाइट डिस्नीच्या मालकीचं. तरी सगळे त्याला स्वतंत्रच म्हणतात. स्वतंत्र म्हणजे गरिबीत काढलेला असंही नाही. निर्मितीचा निर्णय कोणाच्या हातात होता, हा जास्त उपयोगाचा प्रश्न आहे.

पुरस्कार वाचायचा कसा

फ्रान्समधल्या कान महोत्सवात मुख्य स्पर्धेचा सर्वोच्च पुरस्कार पाम दोर. ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा. नावात ‘ग्रां’ असल्यामुळे तोच सगळ्यात मोठा, अशी समजूत सर्रास होते. २०२४ मध्ये पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मिळाला तो हा. अं सर्तां रगार हा त्याच महोत्सवाचा वेगळा विभाग आहे, त्याचं परीक्षक मंडळ वेगळं. क्रिटिक्स वीक आणि डायरेक्टर्स फोर्टनाइट तर वेगळ्याच संस्था चालवतात, फक्त शहर आणि तारखा त्याच. पहिलाच चित्रपट करणाऱ्याला मिळणारा कॅमेरा दोर मात्र या सगळ्या विभागांमधून निवडला जातो. नवा आवाज शोधणाऱ्याने पाम दोरपेक्षा कॅमेरा दोरची जुनी यादी चाळावी.

कानबाबत आणखी एक खबरदारी. महोत्सवाच्या दिवसांतच तिथे मार्शे दु फिल्म हा चित्रपटांचा बाजार भरतो. तिथे पैसे भरून खेळ लावता येतो. ‘कानमध्ये झळकला’ अशी बातमी आली आणि विभागाचं नाव दिलं नसेल, तर तो खेळ बाजारातला असण्याची दाट शक्यता धरावी. बाजारात खेळ लावणं यात गैर काही नाही, विकायला आलेल्याने तेच करायचं असतं. पण ती निवड नव्हे. प्रेक्षक उभे राहून किती मिनिटं टाळ्या वाजवत होते, हा आकडा तर सरळ सोडून द्यावा. तिथे टाळ्या सगळ्यांनाच मिळतात.

अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ‘ग्रँड ज्युरी प्राइझ’ एक नसतो. अमेरिकन कथापट, अमेरिकन माहितीपट, जागतिक कथापट आणि जागतिक माहितीपट असे चार असतात, म्हणून एका वर्षी चार चित्रपट तोच किताब मिरवताना दिसले तर त्यात घोळ नाही. २०२५ मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला मिळाला तो जागतिक कथापटाचा. टोरांटोची गोष्ट उलटी: तिथला सर्वांत गाजणारा पुरस्कार परीक्षकांचा नसून प्रेक्षकांच्या मतांचा असतो. व्हेनिसमध्ये गोल्डन लायन मुख्य स्पर्धेत आणि ओरिझोंती हा नव्या वाटांचा विभाग. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये ओरिझोंतीमधला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आणि पदार्पणासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ असे दोन्ही घेतले.

आता ‘दिला कोणी’ हा प्रश्न. प्रेक्षक पसंती मिळालेला चित्रपट बहुधा गोष्टीच्या जोरावर चालतो आणि पहिल्या वीस मिनिटांत पकड घेतो. परीक्षकांचा पुरस्कार मिळालेल्यात मांडणीचं धाडस जास्त, त्यामुळे सुरुवातीला धीर लागतो. फिप्रेसी हा समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार. इतर मंडळांनी सोडलेलं काहीतरी तिथे बरेचदा सापडतं. संकलनाचा पुरस्कार मिळालेला माहितीपट तर डोळे झाकून यादीत टाकावा, कारण माहितीपट बहुतांशी संकलनाच्या टेबलावरच लिहिला जातो. या प्रकारची सवय नसेल तर प्रेक्षक पसंतीपासून सुरुवात करावी. उगाच सगळ्यात अवघड चित्रपटाने उद्घाटन करून ‘हे आपलं काम नाही’ असं ठरवू नये.

नाव कधीच न ऐकलेला महोत्सव असेल तर पाच मिनिटं खर्च करा. महोत्सवाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांची यादी आहे का, खेळ कुठे आणि कोणत्या तारखांना झाले, परीक्षकांची नावं दिली आहेत का, हे पाहायचं. दर महिन्याला विजेते जाहीर होतात, पुरस्काराचे पन्नास-साठ प्रकार आहेत, चित्रपटगृहाचा पत्ता नाही आणि विजेत्यांना ट्रॉफी विकत घ्यावी लागते, असं दिसलं की त्या फांद्या मनातल्या मनात पुसून टाका. यावरून चित्रपट वाईट ठरत नाही. नवख्या दिग्दर्शकांना अशा ठिकाणी भुर्दंड पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

माहितीपटांसाठी वेगळी यादी ठेवावी लागते. ॲमस्टरडॅमचा इडफा (१९८८ पासून, दर नोव्हेंबरात), जपानमधला यामागाता (१९८९ पासून, एक वर्षाआड), स्वित्झर्लंडमधल्या न्योंचा व्हिजन्स दु रेएल, कोपनहेगनचा सीपीएच:डॉक्स, टोरांटोचा हॉट डॉक्स. यामागाता आणि न्यों यांचा कल संथ, निरीक्षणाच्या चित्रपटांकडे. सनडान्सचे माहितीपट कथानकासारखे बांधलेले असतात. कानमध्ये २०१५ पासून माहितीपटासाठी ‘लय दोर’ हा पुरस्कार दिला जातो. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ने २०२२ मध्ये सनडान्सचा ग्रँड ज्युरी आणि कानचा लय दोर दोन्ही मिळवले. दोन अगदी वेगळ्या मंडळांनी एकच नाव काढलं, तर तो चित्रपट पुढे ढकलू नये.

ऑस्करच्या माहितीपटांत पाच नामांकनांआधी पंधरांची यादी जाहीर होते, आणि वर्षभराचा आढावा घ्यायला ती पाचांच्या यादीपेक्षा उपयोगी पडते. पण ऑस्करने वगळलं म्हणून कशावर काट मारू नका. ‘हूप ड्रीम्स’ (१९९४) आणि ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) या दोघांनाही माहितीपटाचं साधं नामांकनसुद्धा मिळालं नव्हतं.

नेमका तोच चित्रपट, नेमकी तीच आवृत्ती

एका चित्रपटाची दोन-तीन नावं असतात. ‘साबर बोंडं’ बाहेर ‘कॅक्टस पेअर्स’ म्हणून ओळखला जातो, इटालियन ‘फ्वोकोअम्मारे’ इंग्रजी यादीत ‘फायर ॲट सी’ होतो. वर्षातही गोंधळ: कुठे पहिल्या खेळाचं वर्ष, कुठे प्रदर्शनाचं. म्हणून शोध नावाने घेण्याऐवजी दिग्दर्शकाच्या नावाने घ्यावा आणि वर्षात एकाचा फरक चालवून घ्यावा.

मग लांबी तपासायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि भलतीच आवृत्ती पाहून बसतात. माहितीपटांची दूरचित्रवाणीसाठी ५२ मिनिटांची आवृत्ती काढायची पद्धत आहे. तासाच्या वेळापत्रकात ती बसते. पुरस्कार मात्र पूर्ण लांबीच्या आवृत्तीला मिळालेला असतो. महोत्सवाच्या पानावर ९० मिनिटं आणि तुमच्यासमोर ५२ असतील, तर जवळपास निम्मा चित्रपट गेलेला आहे, आणि त्यातही जातात ते बहुधा शांत प्रसंग. उलटही होतं. ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’च्या (२०१२) सुमारे दोन तासांची आणि १५९ मिनिटांची अशा दोन आवृत्त्या फिरतात. मोठी आवृत्तीच पाहावी. तिच्यात इंडोनेशियातल्या हत्याकांडाचे मारेकरी स्वतःचं नाटक रचताना जो वेळ घेतात, तोच तर मुद्दा आहे.

एक फरक निरुपद्रवी असतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) आणि युरोपातली जुनी दूरचित्रवाणी पद्धत २५ चौकटींची, त्यामुळे काही जुन्या प्रती चार टक्के वेगाने धावतात. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो, आवाज किंचित चढा लागतो, कापलेलं काही नसतं.

शोधायला जस्टवॉच बरं: देश निवडला की चित्रपट कुठे आहे ते दाखवतं. त्यात नाही म्हणजे कुठेच नाही असं नाही. मुबी, माहितीपटांसाठी डीएफिल्म्स, सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदत्वावर चालणारं कॅनोपी, आणि कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डचा बराचसा फुकट खुला संग्रह ही ठिकाणं वेगळी पाहावीत. वितरकाचं किंवा दिग्दर्शकाचं स्वतःचं पान शेवटी बघायचं. भाड्याने घेण्याचा दुवा अनेकदा तिथेच असतो. कुठेच काही नसेल तर वितरणाचे हक्क अजून विकले गेले नसतील. ‘नो अदर लँड’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्लिन महोत्सवात माहितीपटाचा पुरस्कार मिळवला आणि मार्च २०२५ मध्ये ऑस्कर, त्या दिवशीही अमेरिकेत त्याला वितरक नव्हता. अशा वेळी दिग्दर्शकाच्या पानावर लक्ष ठेवून थांबणं, एवढाच उपाय.

सबटायटल्स दोन मिनिटं चालवून तपासावीत. यंत्राने केलेली सबटायटल्स ओळखायची खूण सोपी: माणसांची नावं दर वेळी वेगळी लिहिलेली, आणि दोघांचं बोलणं एकाच वाक्यात मिसळलेलं. स्वतःकडची प्रत आणि सुटी सबटायटल फाइल असेल तर बिघाड दोन प्रकारचा. पहिल्या मिनिटाला दोन सेकंद पुढे आणि शेवटीही दोनच सेकंद पुढे, हा सरळ फरक. व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी दर दाबेला ५० मिलिसेकंद मागेपुढे करता येतं. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे जास्तच चुकत जाणं हा दुसरा प्रकार. तिथे फाइल २५ चौकटींच्या प्रतीसाठी केलेली आणि चित्रपट २४ चा आहे. तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांची तफावत पडते. जी-एच दाबत बसून ती जाणार नाही. व्हीएलसीच्या ‘ट्रॅक सिंक्रोनायझेशन’मध्ये सबटायटलचा वेग बदलावा, नाहीतर त्या प्रतीची योग्य फाइल आणावी.

टीव्ही आधी सरळ करा

नव्या टीव्हीत एक सोय कारखान्यातूनच चालू असते: दोन चौकटींच्या मध्ये खोट्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणं. सोनीमध्ये मोशनफ्लो, एलजीमध्ये ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. क्रिकेटला ठीक, चित्रपटाला घातक. सगळं मालिकेसारखं चकचकीत दिसतं आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या माहितीपटात तर मळमळायला लागतं. ती पूर्ण बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की हे, जास्तीची तीक्ष्णता आणि भडक रंग एकदम जातात. वेगळं स्ट्रीमिंग यंत्र जोडलेलं असेल तर त्यात ‘मॅच फ्रेम रेट’ किंवा ‘मॅच कंटेंट’ चालू करा, म्हणजे २४ चा चित्रपट २४ नेच पोहोचतो.

चित्राच्या कडेला काळे पट्टे दिसले की झूम करायचा मोह आवरा. पुष्कळ स्वतंत्र चित्रपट मुद्दाम जवळपास चौकोनी चौकटीत केलेले असतात. ‘आयडा’ (२०१३, परभाषी चित्रपटाचा ऑस्कर) पाहा: तिथे माणसं चौकटीच्या अगदी तळाशी ठेवली आहेत आणि डोक्यावर रिकामी भिंत किंवा आभाळ. झूम केलं की वरून आभाळ जातं आणि खालून चेहरा. सबटायटलही अर्धं कापलं जातं, ते वेगळंच.

आवाजात तक्रार ठरलेली असते: बोलणं ऐकू येत नाही आणि दार आपटलं की घर दणाणतं. टीव्हीच्याच स्पीकरवर ५.१ चा (सहा स्पीकरांसाठीचा) ट्रॅक चालू असेल तर असं होतं. मधल्या स्पीकरसाठीचं बोलणं दोन छोट्या स्पीकरांत दबतं. स्टिरिओ ट्रॅक निवडा. नसेल तर ‘नाइट मोड’. साधा हेडफोन कित्येकदा महागड्या साउंडबारपेक्षा बरं काम करतो, विशेषतः माहितीपटात, जिथे पार्श्वसंगीत नसतं आणि खोलीतला पंखा, लांबचा रस्ता हेच संगीत असतं.

खोली अंधारी. रात्रीची दृश्यं स्ट्रीमिंगमध्ये ठोकळ्यांसारखी फुटत असतील तर चित्रपट आधी उतरवून घेऊन पाहा. इंटरनेट अडखळलं की दर्जा गुपचूप खाली येतो आणि सगळ्यात आधी अंधारच खराब होतो. शेवटचं, ‘पुढचा भाग आपोआप सुरू’ ही सोय बंद करा. माहितीपटात शेवटच्या पाट्यांवर खटल्याचा निकाल, कोण वाचलं, कोण गेलं हे लिहिलेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी पडदा कोपऱ्यात आक्रसून भलतीच जाहिरात सुरू होते.

कुठून सुरुवात करावी

पहिला: ‘हनीलँड’ (२०१९). उत्तर मॅसिडोनियातली एक मधपाळ बाई, तिची अंथरुणाला खिळलेली आई आणि शेजारी येऊन उतरलेलं गजबजलेलं कुटुंब. दीड तासाच्या आत संपतो. सनडान्सचा जागतिक माहितीपटाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार, आणि ऑस्करमध्ये माहितीपट व आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळवणारा हा पहिलाच. तीन वर्षांत सुमारे ४०० तास चित्रीकरण झालं. ती बाई जी तुर्की बोली बोलते ती दिग्दर्शकांना येत नव्हती, म्हणून चित्रांवरूनच गोष्ट उभी करावी लागली. याचा फायदा घ्या: मधली दहा मिनिटं सबटायटल बंद करून पाहा. ती पोळ्यातला मध काढताना निम्मा मधमाश्यांसाठी ठेवते आणि शेजारी ठेवत नाही, हे एक शब्द न कळता कळतं.

त्यानंतर ‘कोर्ट’. इथे सवय बदलावी लागते. कॅमेरा लांब आणि स्थिर आहे, माणसं चौकटीत येण्याआधी दृश्य सुरू होतं आणि ती निघून गेल्यावरही रेंगाळतं. मुख्य कोण, हे कॅमेरा सांगत नाही, तुम्ही शोधायचं. वकील घरी काय खातो, सरकारी वकील बाई लोकलमध्ये काय बोलतात, याकडे लक्ष द्या, कारण न्यायालयात जे घडतं त्याची कारणं तिकडे आहेत. शेवटाकडे न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा पडतो. तिथे रिमोट उचलू नका. चित्रपट संपलेला नाही आणि सगळ्यात बोचरा भाग त्यानंतर आहे.

गोष्टीची ओढ असणाऱ्यांसाठी ‘हूप ड्रीम्स’. शिकागोतली दोन शाळकरी मुलं आणि बास्केटबॉल. अर्ध्या तासाचा लघुपट करायला निघालेली मंडळी पाच वर्षं थांबली, सुमारे २५० तासांचं चित्रीकरण झालं, आणि हाती आला तीन तासांना थोडाच कमी असलेला चित्रपट. सनडान्सची प्रेक्षक पसंती याला मिळाली ते उगाच नाही. लांबीला घाबरू नका. ज्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तोही शेवटी श्वास रोखून बसतो.

कथापटांत पुढची पायरी ‘४ मंथ्स, ३ वीक्स अँड २ डेज’ (पाम दोर, २००७). रुमानियात गर्भपातावर बंदी असतानाचा एक दिवस. एका प्रसंगात नायिका जेवणाच्या टेबलाशी मधोमध बसली आहे, आजूबाजूची वडीलधारी मंडळी निरर्थक गप्पा मारताहेत, आणि शॉट कित्येक मिनिटं तुटत नाही. गप्पा वाचण्यात गुंतून तिचा चेहरा सुटला तर प्रसंग हातातून गेला. सबटायटलवरची नजर वर उचलायला हा प्रसंग छान शिकवतो. चित्रपट जड आहे. मन थाऱ्यावर नसताना लावू नये.

मग ‘फ्वोकोअम्मारे’. २०१६ चा गोल्डन बेअर हा बर्लिनचा सर्वोच्च पुरस्कार, म्हणजे कथापटांच्या स्पर्धेत जिंकलेला माहितीपट. दिग्दर्शक जानफ्रांको रोझी यांनी त्याआधी २०१३ मध्ये ‘साक्रो ग्रा’साठी व्हेनिसचा गोल्डन लायनही असाच घेतला होता. इटलीच्या लांपेदुसा बेटावर एकीकडे निर्वासितांच्या बोटी, दुसरीकडे गलोल घेऊन भटकणारा एक मुलगा, ज्याचा एक डोळा आळशी आहे. डॉक्टर त्याचा चांगला डोळा झाकायला सांगतात, म्हणजे आळशी डोळा काम करायला लागेल. मुलगा आणि निर्वासित चित्रपटभर एकमेकांना भेटत नाहीत आणि निवेदक या दोन गोष्टी जोडून देत नाही. तक्रार येते ती इथेच, की ‘मुलगा कशाला दाखवला?’ तो झाकलेला डोळा लक्षात ठेवून पाहिलं की तक्रार राहत नाही.

वेळ कमी असेल तर माती दिओप यांचा ‘दाहोमे’ (गोल्डन बेअर, २०२४): फ्रान्सने बेनिनला परत केलेल्या २६ वस्तूंचा प्रवास, ६८ मिनिटांत, आणि त्यातली एक मूर्ती स्वतः बोलते. ज्यूंच्या हत्याकांडावरचा ‘शोआ’ (१९८५) याच्या दुसऱ्या टोकाला, साडेनऊ तासांच्या आसपास. त्यात जुनं चित्रण एकही नाही, फक्त माणसं आणि जागा. चार बैठकांत पाहावा. एका दिवसात उरकायचा हट्ट धरला तर शेवटी माणसं ऐकू येईनाशी होतात.

एखादा दिग्दर्शक आवडला की मागे जा. शॉन बेकर यांना २०२४ मध्ये ‘अनोरा’साठी पाम दोर मिळाला, पण त्यांची पद्धत कळते ती २०१५ च्या ‘टँजरीन’मध्ये, जो आयफोन ५एस वर चित्रित झाला. पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाच्या आधीचा चित्रपट बरेचदा जास्त मोकळा असतो.

माहितीपटावर किती विश्वास ठेवायचा

कॅमेरा तिथे कसा पोहोचला, हा पहिला प्रश्न. माणूस दार उघडून आत येतो आणि कॅमेरा आधीच आत आहे, म्हणजे त्याला पुन्हा यायला सांगितलं असेल किंवा आधीच ठरलं असेल. ही लबाडीच असं नाही, पण नोंद ठेवावी. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) पासून माहितीपटात घडवून आणलेली दृश्यं आहेत. एकाच संभाषणात दोन बाजूंचे शॉट असतील आणि कॅमेरा एकच असेल, तर ते संभाषण दोनदा तरी झालं आहे किंवा दोन वेळांचं जोडलं आहे.

प्रसंग पुन्हा रचून दाखवणं दोन तऱ्हांनी होतं. ‘असं घडलं’ म्हणून दाखवलं तर सावध व्हा. ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये १९७६ मधला डॅलसचा पोलिसाचा खून परत परत दाखवला आहे, आणि दर वेळी साक्षीदाराप्रमाणे तपशील बदलतो. दिसतं ते सत्य नव्हे, त्या साक्षीदाराचा दावा. हे उमगायला थोडा वेळ लागतो आणि मग सगळी साक्ष कोसळायला लागते. त्या खुनात दोषी ठरलेला माणूस १९८९ मध्ये सुटला.

काळाची उडीही तपासावी. केस वाढले, ऋतू बदलला, भिंतीचा रंग बदलला, पण चित्रपट ‘दुसऱ्या दिवशी’ असल्यासारखा पुढे गेला, तर क्रम संकलकाने लावलेला आहे. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षांच्या चित्रणातून बनला. तिथे वर्षं लपवलेली नाहीत, उलट माणसांचं वय वाढताना दिसणं हाच पुरावा ठरतो.

श्रेयनामावली पूर्ण वाचा. पैसे कोणी दिले, आणि ज्याच्याबद्दल चित्रपट आहे त्या व्यक्तीचं किंवा कंपनीचं नाव निर्मात्यांत आहे का? ख्यातनाम माणसांवरच्या गोडगोड माहितीपटांचं गुपित इथे फुटतं. ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’च्या शेवटी ‘अनामिक’ ही नोंद पुन्हा पुन्हा येते. इंडोनेशियात काम केलेल्या सहकाऱ्यांना नाव देणंही धोक्याचं होतं, आणि ती पाटी चित्रपटाइतकंच सांगते.

चार जणांसोबत दाखवायचा असेल

वैयक्तिक वर्गणीत सार्वजनिक खेळाची परवानगी येत नाही. तिकीट न लावताही सभागृहात किंवा वाचनालयात दाखवला तर तो सार्वजनिक खेळच. वितरकाला चार ते सहा आठवडे आधी लिहा आणि एकाच पत्रात सगळं द्या: तारीख, जागा, आसनं किती, प्रवेश फुकट की तिकीट, कोणत्या भाषेची सबटायटल्स हवीत आणि कोणत्या स्वरूपातली प्रत चालेल. यातली एक गोष्ट राहिली की आठवडाभर पत्रापत्री वाढते. पुष्कळ माहितीपटांच्या पानावर खेळ आयोजित करण्यासाठी वेगळा अर्जच असतो.

प्रत मिळाली की प्रत्यक्ष त्याच प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी सुरुवात, मध्य आणि शेवट अशी दहा-दहा मिनिटं चालवा. चित्रपटगृहात डीसीपी (चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत) वापरत असाल आणि ती कुलूपबंद असेल, तर तिची डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हर आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. किल्ली दुपारी तीनपासून लागू होत असेल तर सकाळची चाचणी होणार नाही, म्हणून मागतानाच आदला दिवस धरून मागा. लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर फाइल लॅपटॉपवरच ठेवा. पेन ड्राइव्ह किंवा सभागृहाचं वायफाय यांच्या भरवशावर राहू नका. सूचनांचे आवाज बंद, झोपी जाण्याची सोय बंद, चार्जर लावलेला.

सपाट जमिनीच्या खोलीत सगळ्यात मोठी अडचण सबटायटलची. पुढच्याच्या डोक्याने खालची ओळ झाकली जाते. पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटर तरी वर घ्या, आणि रांगा एकमेकींच्या सरळ मागे न लावता अर्ध्या खुर्चीने सरकवून लावा. तपासायला शेवटच्या रांगेत स्वतः बसून एक ओळ वाचून बघा.

चर्चा ठेवायची असेल तर दिवे लागताच माइक फिरवू नका, पाचेक मिनिटं मोकळी सोडा. पहिला प्रश्न ‘कसा वाटला?’ असा टाकला की ‘छान होता’वर गाडी थांबते. एखादं ठरावीक दृश्य पुढे ठेवा: तो कॅमेरा तिथे कसा होता, किंवा तो शॉट इतका वेळ का धरला. वीस मिनिटं पुरतात. जड विषयाचा चित्रपट असेल तर त्यात काय आहे हे निमंत्रणातच लिहा, आणि मधूनच उठून जायचं असेल त्यांच्यासाठी मागचं दार उघडं ठेवून तिथला उजेड पडद्यावर पडणार नाही असं बघा.